‘काही तरी चांगलं सुचवा ना!’

शंकेखोर : मुलांसाठीच्या नव्या पुस्तकांची यादी तुम्ही दर वर्षी तुमच्या वाचनालयातर्फे काढता, ताई, आणि मी ती शाळेच्या फलकावर लावतो. पण ती मुलं वाचत नाहीत. तिचा फोटो काढतात ते पालक, आणि तोही पालकसभेच्या दिवशी. त्याच दिवशी कुणी ना कुणी मलाही गाठून म्हणतं, “सर, हिच्यासाठी काही तरी चांगलं सुचवा ना!” ‘चांगलं’ म्हणजे काय ते पुढच्या वाक्यात कळतं. हिचं शुद्धलेखन सुधारेल असं. हातातला मोबाइल सुटेल असं. थोर माणसांबद्दल असेल तर उत्तमच. ती मुलगी शेजारीच उभी असते, तिला कुणी काही विचारत नाही. तिला कशाचं हसू येतं, कशाची भीती वाटते, गेल्या सुट्टीत तिनं कोणतं पुस्तक अर्ध्यात टाकलं आणि का, यातलं काही ठाऊक नसताना मी नाव सांगायचं, म्हणजे पेशंट न तपासता औषधाची चिठ्ठी लिहून देण्यासारखं आहे. तुमची यादी तेच काम घाऊक करते.

हौशी : पालकांबद्दल म्हणता ते खरं, सर. पण पुस्तक विकत घेणारा खिसा त्यांचाच असतो, तेव्हा यादी त्यांनी वाचली यात मला वावगं दिसत नाही. माझं म्हणणं दुकानापासून सुरू होतं. मुलांच्या पुस्तकांच्या कप्प्यापाशी जाऊन बघा. अकबर-बिरबल, तेनालीराम, पंचतंत्र, इसापनीती, शिवाय रंगवायची नि स्टिकरची पुस्तकं. ही सगळी कुणी न सुचवता खपतात, कारण नावं घरोघरी आधीच माहीत. नव्या लेखकाचं पुस्तक त्याच कप्प्यात दोघा जाडजूड शेजाऱ्यांमध्ये उभं असतं, नुसता कणा दिसतो, आणि काही महिन्यांनी तोही दिसेनासा होतो. रविवारच्या पुरवण्यांत मोठ्यांच्या कादंबरीवर अर्धं पान येतं, मुलांच्या पुस्तकाची नुसती पोच देतात. मराठीत आवृत्ती हजाराच्या आसपास निघते. तेवढ्याच प्रती रंगीत छापायच्या तर किंमत चढते, आणि किंमत चढली की पालक म्हणतात, “सोळा पानांचे एवढे पैसे?” अशा वेळी त्या पुस्तकाचं नाव कुणी तरी मोठ्यानं घ्यायला हवं की नको? बिरबलाला माझी गरज नाही.

शंकेखोर : पण नवंच कशाला? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजून पळतो आहे. २०१७ साली त्याच्यावर सिनेमा निघाला, तो बघून आमच्या वर्गातल्या दोघातिघांनी पुस्तकंही मागितली. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. एवढा साठा पडलेला असताना या वर्षी छापलं म्हणून एखादं पुस्तक मुलाच्या हाती द्यायचं, ही हौस मुलांची नाही, आपली आहे. मूल पुस्तकाचं दुसरं पान उलटून प्रकाशनवर्ष बघत नाही. दुसरं असं, की जुनी पुस्तकं चाळून आलेली असतात. नव्यांना कुणी चाळलंय? प्रकाशनाला हजर राहिलेल्या मित्रांनी?

हौशी : जुन्यांची चाळणीही तपासून बघा. ती काळाची असते असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात आजोबांच्या आठवणींची असते. आजोबांना आपल्या लहानपणी जे आवडलं ते ते नातवाला देतात, आणि ज्यांच्या आजोबांच्या घरी पुस्तकंच नव्हती त्यांची आठवण या चाळणीत येतच नाही. फास्टर फेणे मला तोंडपाठ आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण गोट्या, चिंगी, फेणे सगळे ओळीनं उभे करा आणि घरं कुणाची आहेत ते बघा. वडिलांना अब्बू म्हणणारं मूल त्यात किती वेळा नायक होतं? सोलापूर-सांगलीकडच्या शाळांत अशी मुलं कमी आहेत का? फारूक काझी यांचं ‘प्रिय अब्बू’ मी यादीत घेतलं ते या मुलांसाठी, आणि त्यांच्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्यांसाठी त्याहून जास्त. ल. म. कडू यांचं ‘खारीच्या वाटा’ घ्या. धरणाखाली जाणाऱ्या गावातलं बालपण आहे ते. पुण्यात नळाला पाणी येतं तेव्हा ते कुणाच्या तरी गावावरून येतं, हे पुण्यातल्या मुलाला याच्याआधी कुठल्या पुस्तकानं सांगितलं होतं?

शंकेखोर : मला हेच ऐकायचं होतं. आता तुम्ही जे बोललात त्यात पुस्तकाच्या गोष्टीबद्दल किती होतं आणि पुस्तकाच्या विषयाबद्दल किती होतं? अब्बू, धरण, विस्थापन. तुमची यादी विषयांवर चालते, ताई. पूर्वी मुलांची पुस्तकं सांगायची, खोटं बोलू नये, वडिलांचं ऐकावं, लवकर उठावं. आपण त्यांना नावं ठेवली, बोधकथा म्हणालो. आता नवी पुस्तकं सांगतात, सगळ्यांना सामावून घ्यावं, झाडं तोडू नयेत, मुलगा-मुलगी भेद करू नये. मला हे सगळं मान्य आहे. पण बोध तो बोधच, फक्त आपल्या पिढीला आवडणारा. साने गुरुजींचा बोध त्यांच्या काळातल्या पुरोगामी माणसाचाच होता, आणि ‘श्यामची आई’ निदान रडवते तरी! तुमच्या यादीतल्या काही पुस्तकांत शेवटच्या पानावर पालकांसाठी प्रश्न दिलेले मी पाहिले आहेत. गोष्ट संपली की लगेच चर्चा. मूल पळून नाही गेलं तर काय करेल?

हौशी : ते प्रश्न बघितले की मलाही ते पान फाडून टाकावंसं वाटतं. आणि पर्यावरणाच्या पुस्तकात तिसऱ्या पानावर झाड बोलायला लागलं की मी पुस्तक मिटते, ते यादीत येत नाही. तुमचा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. उरलेल्या अर्ध्याचं उत्तर माधुरी पुरंदऱ्यांच्या पुस्तकांत आहे. ‘राधाचं घर’ हा दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठीचा संच बघा. घरात कोण कोण आहे, कोण काय करतं, बस. ‘बाबांच्या मिश्या’मध्ये मिश्या आहेत. यातून मूल काय शिकणार असं एका आईनं मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, मिश्या बघायला शिकेल. त्या चित्रांत घरातल्या वस्तू, साड्या, भांडी अशी असतात की आपल्या घरातलं कुणी तरी येऊन काढून गेलंय असं वाटतं. मी एक कसोटी लावते. पुस्तकातला विषय बाजूला काढला तर काही शिल्लक राहतं का? ‘खारीच्या वाटा’मधून धरण काढलं तरी रानात भटकणारं पोर शिल्लक राहतं. ज्यात काहीच शिल्लक राहत नाही त्या पुस्तकांना मी पत्रक म्हणते. अशी पत्रकं आमच्याकडे दर महिन्याला भेट म्हणून येतात.

शंकेखोर : मग ही निवड करणाऱ्या तुम्ही कोण? निदान साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार तरी घ्या आधाराला.

हौशी : घेते की. तो २०१० पासून दिला जातो. अलीकडची मराठी नावं मी शाळांना सांगतेही : २०१९ चं सलीम सरदार मुल्ला यांचं ‘जंगल खजिन्याचा शोध’, २०२२ चं संगीता बर्वे यांचं ‘पियूची वही’, २०२४ चं भारत सासणे यांचं ‘समशेर आणि भूतबंगला’. पण एका भाषेला वर्षातून एक पुरस्कार, त्यात कवितासंग्रह आणि कादंबरी एकाच रांगेत. २०२३ ला एकनाथ आव्हाडांच्या कविता, पुढच्या वर्षी भूतबंगला. ज्या मुलाला कविता नको आणि भुतं हवीत त्यानं वर्षभर थांबायचं का? शिवाय चित्रकाराचा त्यात विचार नाही, आणि लहान मुलांच्या पुस्तकात निम्मं पुस्तक त्याचंच असतं. पुरस्कार ही लेखकाला दिलेली दाद आहे. वाचणाऱ्यापर्यंत ती पोचवायला मधे कुणी तरी लागतंच.

शंकेखोर : मधे कुणी तरी लागतं म्हणता आणि पुस्तकापुढे वय लिहिता, ‘८ ते १०’, ‘११ ते १३’. वय लिहिलं की मधल्या माणसाचं काम संपलं. २००८ साली ब्रिटनमधल्या प्रकाशकांनी मुलांच्या पुस्तकांवर वयोगट छापायचं ठरवलं तेव्हा फिलिप पुलमन आणि त्यांच्यासारखे कितीतरी लेखक उभे राहिले. त्यांचं म्हणणं साधं होतं. बारा वर्षांच्या ज्या मुलाला वाचायला जड जातं त्याच्या हातात ‘९+’ लिहिलेलं पुस्तक वर्गासमोर देऊन बघा. आमच्या शाळेत मी हे रोज बघतो. आणि आपल्याकडे त्याहून वाईट अवस्था आहे, कारण आपल्याकडे एकाच मुलाला दोन वयं असतात.

हौशी : इंग्रजी माध्यमातली मुलं म्हणताय ना?

शंकेखोर : होय. तेरा वर्षांची मुलगी इंग्रजीत जाडजूड फँटसीचे खंड वाचते. घरी मराठीत भांडते, आजीशी गप्पा मारते, मालिका बघते. पण मराठी छापील मजकूर समोर आला की बोट ठेवून वाचते, जोडाक्षरापाशी थांबते. तिला ‘११ ते १३’चं मराठी पुस्तक दिलं तर ती दुसऱ्या पानावर दमते. ‘६ ते ८’चं दिलं तर वाचू शकते, पण त्यातला ससा तिला अपमान वाटतो. २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीचं केलं. वर्गात भाषा आली, पण तेरा वर्षांच्या मनाला पुरेल आणि आठ वर्षांच्या वाचनाला पेलेल असं पुस्तक कुठे आहे? तुमच्या यादीत अशा मुलांसाठी एक ओळ नाही. आणि शहरांत तर आता हीच मुलं जास्त आहेत.

हौशी : (थोडं थांबून) नाही, ओळ नाही. पुस्तकं अगदीच नाहीत असं मात्र नाही, शोधावी लागतात. रोहन प्रकाशनानं काढलेले अशोक जैनांचे फेलूदाच्या रहस्यकथांचे अनुवाद मी अशा मुलांना देते. रहस्य तेरा वर्षांच्या मुलाला पकडून ठेवतं आणि वाक्यं लहान आहेत. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे चालतो, कारण एकेक प्रकरण सुटं वाचता येतं आणि त्यातली बोलायची मराठी या मुलांच्या कानाला आधीच ओळखीची असते. चित्रकथा हा यावरचा खरा उपाय होता. चित्र वयाला शोभेल असं मोठं ठेवता येतं, मजकूर थोडका. पण मराठीत मुळातून केलेल्या, कुमारांना द्याव्यात अशा चित्रकादंबऱ्या कितीशा आहेत? आंबेडकरांच्या आयुष्यावर दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी ‘भीमायन’ केलं. साताऱ्याकडची गोष्ट, तहानेची गोष्ट, आणि २०११ मध्ये आलं ते इंग्रजीत! ही मुलगी ते वाचेल आणि तिला आवडेल, फक्त मराठी तेवढं राहून जाईल.

(इथे लेखकाला दोघांच्या मधे एक वाक्य घालायचं आहे. मराठी वाचत नाहीत म्हणून मुलांवर रागावणारे लेख आपण पुष्कळ छापतो. वाचायला जड जातं पण समजायला सोपं जातं अशा मराठी मुलांचा वाचक म्हणून विचार करणारा प्रकाशक मला भेटलेला नाही. तो भेटला तर त्याला गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागणार नाही.)

शंकेखोर : तालुक्याच्या गावाचं काय? तिथे माध्यमाचा प्रश्न नाही, दुकानाचाच आहे.

हौशी : त्याचं उत्तर निदान सुरू तरी झालंय. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर २०१५ पासून गोष्टी फुकट वाचता येतात, छापूनही घेता येतात, मराठीतही आहेत. साधनाचा बालकुमार दिवाळी अंक स्वस्तात मिळतो. नाशिकच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’च्या पेट्या कुठे कुठे जातात. फुकटातलं सगळं चांगलं नसतं, ते मला पुन्हा निवडावं लागतं, एवढंच.

शंकेखोर : ठीक. लहानांपुरतं तुमचं म्हणणं मी मान्य करतो. मूल मांडीवर बसतं तोवर मोठ्यानं पुस्तक आणायचं आणि वाचून दाखवायचं, यात वाद नाही. पण आठवी-नववीत आल्यावर मोठ्या माणसानं सुचवणं हीच पुस्तकाची बदनामी असते. आमच्या वर्गात मी एखाद्या पुस्तकाचं कौतुक केलं की ते वाचलेली मुलंही लपवून ठेवतात. दानिएल पेनाक या फ्रेंच शिक्षक-लेखकानं १९९२ साली वाचकाचे दहा हक्क लिहिले, त्यातला पहिलाच आहे न वाचण्याचा. शिक्षकानं हे लिहिलं हे मला महत्त्वाचं वाटतं. चौदा-पंधराव्या वर्षी मूल पुस्तकात जे शोधतं ते आईवडिलांनी दाखवू नये असंच काही तरी असतं. त्याची यादी आईवडिलांना वाचायला कशी देणार?

हौशी : देता येत नाही, पण माझं कारण वेगळं आहे. त्या वयाची मराठी पुस्तकंच नाहीत. बारा वर्षांपर्यंतचा कप्पा संपला की पुढचा कप्पा एकदम मोठ्यांचा. मधे आपण काय ठेवतो? चरित्रं. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ चं, अजून प्रत्येक यादीत आहे, आणि असावंच. पण पंधरा वर्षांच्या मुलाला प्रत्येक वेळी कुणाच्या तरी कष्टाचीच गोष्ट का सांगायची? त्याला क्लासमधल्या मुलीबद्दल काय वाटतं, व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून काढून टाकल्यावर काय होतं, जातीचा दाखला काढायला वडिलांबरोबर तहसीलला उभं राहिल्यावर काय वाटतं, पाळी आली त्या दिवशी शाळेत काय झालं, हे कुठल्या मराठी कुमार कादंबरीत आहे? अनुवादात काही सापडतं. डेबोरा एलिसची ‘ब्रेडविनर’ मराठीत आली, तालिबानच्या काबूलमध्ये मुलाचे कपडे घालून घर चालवणारी मुलगी. आमच्याकडच्या मुली ती झपाटल्यासारख्या वाचतात. काबूल आहे, कल्याण नाही.

शंकेखोर : मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ आहे की. २००४ ची. नववीतला मुलगा, आणीबाणीचा काळ, त्याला आवडणारी मुलगी. यादीत का नाही?

हौशी : तुम्ही ती वर्गाच्या कपाटात ठेवाल?

शंकेखोर : नाही. ठेवली तर दुसऱ्या दिवशी दोन पालक मुख्याध्यापकांच्या खोलीत बसलेले असतील, शिव्यांखाली पेन्सिलीनं रेघा मारून. पुस्तक चांगलं आहे हे मी त्यांना पटवू शकेन, पण मग ते पुस्तक वाचायचं पुस्तक राहणार नाही, तक्रारीचा कागद होईल.

हौशी : म्हणून मीही ती यादीत लिहीत नाही. आमच्याकडे ती मोठ्यांच्या विभागात आहे, खालच्या फळीवर, हात पोचेल अशी. प्रकाश नारायण संतांचा लंपनही तिथेच. कोण नेतं ते मी बघते आणि काही बोलत नाही.

शंकेखोर : ताई, म्हणजे त्या वयासाठी तुमच्याकडचं सगळ्यात चांगलं पुस्तक तुम्ही सुचवत नाही! मग यादीत काय असतं? मोठी माणसं एकमेकांसमोर ज्यांची नावं घेऊ शकतात ती पुस्तकं. यादी मुलांबद्दल नाहीच, आपण कशाला घाबरत नाही त्याबद्दल आहे.

हौशी : हे मला खोडून काढता येत नाही. पण त्यावरून यादी बंद करावी असंही निघत नाही. खालची फळी ज्या वाचनालयात आहे तिथलं मूल नशीबवान. जिथे वाचनालयच नाही तिथे माझी अर्धीमुर्धी यादीच पोचते. तुमच्याकडे दुसरा उपाय आहे?

शंकेखोर : मुलांनी मुलांना सुचवावं, असं म्हणणार होतो. पण त्यातली गंमत सांगतो. नववीच्या मुलांना ‘मला आवडलेलं पुस्तक’ लिहायला द्या. पहिल्या परिच्छेदात लेखकाचा परिचय, दुसऱ्यात कथानक, आणि शेवटी ‘या पुस्तकातून मला अशी शिकवण मिळाली’. आम्हीच शिकवलंय तसं, मार्क त्यालाच असतात. कागदावर आलं की मूल पालकासारखं बोलायला लागतं.

हौशी : तोंडी नाही बोलत तसं. आमच्या टेबलाशी एक मुलगा दुसऱ्याला सांगत होता, “पहिली वीस पानं सोडून दे, मग भारी आहे.” याहून चांगली शिफारस मी आयुष्यात केलेली नाही. पुस्तकाचा दोष सांगितला, वाट दाखवली आणि समोरच्यावर काही लादलं नाही. पुढच्या यादीत अशी वाक्यं छापायची म्हणते, जशीच्या तशी. कुठल्या पानावर सोडलं तेही.

शंकेखोर : छापलंत की ती मुलं पुढच्या वेळी छापण्यासाठी बोलतील. आणि प्रकाशक पुस्तकं पाठवायचे बंद होतील.

हौशी : प्रकाशकांचं मी बघून घेईन. पहिल्या अडचणीवर मात्र मला उत्तर सुचत नाही.

(लेखकालाही सुचलेलं नाही. वाचकांपैकी कुणाच्या घरी तेरा ते सोळा वर्षांचं मूल असेल, तर त्यानं कुणीही न सांगता शेवटपर्यंत वाचलेलं मराठी पुस्तक कोणतं, ते त्याला एकदा विचारावं आणि ते नाव जवळच्या वाचनालयात कळवावं. असं पुस्तक नसेल तर तेही कळवावं, कारण वाचनालयं मागणी बघूनच खरेदी करतात.)